स्टेलनबॉशच्या मंडळीविषयी करुणाला

प्रिय करुणा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या एकाच गावात, एकाच चर्च-परंपरेच्या दोन मंडळ्या. एकीत बहुतेक गोरे, दुसरीत ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय म्हणवले जाणारे. वर्णभेदाचे कायदे जाऊन तीसहून अधिक वर्षं झाली तरी असं का, आणि हातात बायबल असणाऱ्यांनी हे केलंच कसं, असं तू विचारतेस.

त्यांना बायबल कळलं नव्हतं असं नाही, हेच तर दुखणं आहे. १८२९ साली केपमधल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, ठरवलं होतं की रंग न पाहता प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, सगळ्यांना एकत्रच द्यायचं. १८५७ च्या सिनडनेही एकत्र उपासना शास्त्राला धरून आहे हे मान्य केलं. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ अडचण येत असेल तिथे वेगळी इमारत चालेल, अशी पुस्ती जोडली. हे दुर्बल कोण? ज्यांच्याकडे जमिनी होत्या, अधिकार होता, आणि सावळ्या ओठांना लागलेला प्याला ज्यांना नको होता, ते! दुर्बलांना सांभाळून घ्या असं पौलाने लिहिलं खरं. ती सवलत बलवानांनी लाटली. १८८१ मध्ये कलर्ड लोकांसाठी वेगळी मिशन मंडळीच निघाली. १९४८ मध्ये वर्णभेदाचं धोरण घेऊन सत्तेवर आलेले पंतप्रधान मलान याच चर्चचे माजी पाळक. कायदा मागून आला बघ, मेज आधी वेगळं झालं होतं.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं आठव. यहुदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी गेलेला हा माणूस अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसायचा, आणि याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा हळूच बाजूला झाला. पौलाने त्याला चारचौघांत धरलं. सुवार्तेच्या सत्याला धरून हे वागणं नाही, असा आरोप ठेवला. पंगतीतून उठणं म्हणजे काय हे नगरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडेही सोयरिकीच्या वेळी पूर्वीची जात दबक्या आवाजात विचारतातच, आणि मुलगी गोरी हवी हे तर उघड छापतात. तेव्हा तिथल्यांना नावं ठेवताना जरा जपून. पण म्हणून गप्पही राहू नकोस.

ज्यांना वेगळं काढलं त्याच मिशन मंडळीने १९८२ मध्ये बेलहारच्या विश्वासांगीकाराचा, म्हणजे वंशभेद सुवार्तेविरुद्ध आहे असं सांगणाऱ्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याचा, मसुदा लिहिला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. पुढे १९९० मध्ये रुस्टेनबर्गला भरलेल्या चर्चेसच्या परिषदेत तुझ्याच विद्यापीठातले ईशज्ञानाचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले. त्यांनी स्वतःचंच नव्हे, आपल्या चर्चचं आणि आफ्रिकानेर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या, समाजाचंही पाप कबूल केलं. वर्णभेदाविरुद्ध लढलेले आर्चबिशप डेसमंड टुटू यांनी ती कबुली तिथेच स्वीकारली. काहींना ही घाई वाटली. मला विचारशील तर टुटूंनी योग्य केलं, पण क्षमा झाली म्हणून देणं फिटत नाही. येशू लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी आधी गेला. चौपट परत देण्याची गोष्ट जक्कयाने नंतर काढली, आणि येशूने ‘राहू दे’ म्हटलं नाही. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आयोगाने ज्यांना पीडित ठरवलं त्यांना २००३ मध्ये सरकारने एकरकमी तीस हजार रँड जाहीर केले. चौपट सोड, गेलेल्या जमिनीचा चौथा हिस्सा तरी त्यात येतो का?

कुठल्या मंडळीत जाऊ, म्हणतेस. कलर्ड मंडळीत जा, आणि पाहुणी म्हणून नको, नाव नोंदव. संडे स्कूलला माणूस लागत असेल तर हो म्हण. पहिलं वर्ष सल्ले देऊ नकोस, ऐक. तुझ्या त्या गोऱ्या मंडळीतल्या मैत्रिणीला मात्र तोडू नकोस. तिला आणि या मंडळीतल्या कुणाला एकाच दिवशी घरी जेवायला बोलाव. अवघडतील, अवघडू देत. ‘आम्ही भारतीय, आमचा यात काय संबंध’ हे तेवढं म्हणू नकोस.

बेलहारची इंग्रजी प्रत मिळाली तर पाठव. आपल्या बायबल अभ्यासवर्गात वाचायची आहे. दोन-तीन वडील मंडळींना ती झोंबणार, पाळकसाहेबांना मी आधीच सांगून ठेवलं आहे.

तुझे,
पप्पा