एम-51 आणि तुझं स्टूल

पुणे, 5 एप्रिल 2025

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले. दिवाळीत तू फराळाचा फोटो पाठवलास, त्याला नुसता अंगठा दाखवून मी मोकळा झालो. त्याबद्दल काय शिव्या घालायच्या त्या भेटल्यावर घाल. तब्येत बरी आहे, शुगर आटोक्यात आहे, उजवा गुडघा जिना उतरताना बोलतो. आईचं ऐकणं अजून कमी झालंय. पण तुझं नाव घेतलं की तिला बरोबर ऐकू येतं.

आता मुद्दा. आधी हसून घे. मी विकतची दुर्बीण घेतली आणि तीही स्मार्ट. सीस्टार एस-50. आपण ज्यांना ‘बटणवाले’ म्हणायचो त्यांच्या पंगतीला जाऊन बसलोय. अडीच किलोचा करडा डबा आणि 50 मिलिमीटरचं भिंग. आपण घरी घासून केलेल्या दुर्बिणीच्या सहा इंची आरशाच्या क्षेत्रफळाचा जेमतेम नववा हिस्सा भरेल. आणि आयपीस नाहीच! डोळा लावायला जागाच ठेवलेली नाही. पहिल्या रात्री सवयीने मी दोनदा वाकलो, म्हणजे बघ.

ती तिवईवर ठेवायची, पातळी साधायची आणि मोबाइल जोडायचा. जागा आणि वेळ ती मोबाइलकडून घेते. मग आभाळाचा एक फोटो काढून त्यातले तारे पोटातल्या नकाशाशी ताडते आणि आपलं तोंड कुठे आहे ते स्वतःच ओळखते. तू यादीतून नाव निवडायचं, की मोटर गुरगुरते आणि दुर्बीण तिथे जाऊन थांबते. सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला असलेल्या मरीचीपासून इतकी बोटं खाली, मग तो अंधुक त्रिकोण, मग डावीकडे, असलं काही नाही. दहा-दहा सेकंदांचे फोटो काढत ती एकावर एक रचत जाते. मध्येच वाऱ्याने डबा हलला तर तेवढा फोटो फेकून देते. रचता रचता खरखर विरते आणि खालून चित्र वर येतं. नाना अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे तेव्हा ताटलीतल्या कागदावर तुझ्या आत्याचं नाक आधी यायचं, तसंच.

गच्ची आमच्या सोसायटीची, वारज्यातली. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा लॉन्सचे दिवे. सप्तर्षींतला सगळ्यात मंद तारा, अत्री, दिसला तर मी त्या दिवसाला चांगला म्हणतो. अशा आभाळातून तिने मृगातला तेजोमेघ पाच मिनिटांत पंख पसरून दाखवला. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रंगांचा प्रकाशच आत सोडणारी गाळणी तिच्या पोटात आहे, त्यामुळे तेजोमेघांना शहराचे दिवे फारसे नडत नाहीत. दीर्घिकांना मात्र ती गाळणी उपयोगाची नाही, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांचा. तिथे जास्त वेळ फोटो घेत राहायचं, एवढंच हातात. ईशाने तेजोमेघ बघितला आणि म्हणाली, “बाबा, पण हे नेटवर आहेच की.” तिची आई त्याहून वरचढ. “तू बघतोस कधी? बघते ती दुर्बीण. तू डास मारतोस.”

हे मनाला लागलं. पण हे पत्र त्यासाठी नाही.

28 मार्च 1998. आठवतंय? पानशेतच्या अलीकडे, तुझ्या मामाचं शेत, अमावस्येची रात्र, तो कुत्रा. मी एम-51चं, त्या भोवऱ्यासारख्या दीर्घिकेचं, चित्र काढलं आणि खाली वेळ लिहिली, रात्रीचे 1.45. दोन ठिपके, आणि मोठ्या ठिपक्याभोवती दोन छान वळलेल्या भुजा. पुढे ते कॉलेजच्या प्रदर्शनात लागलं आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, “न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आपल्यासारख्या आरशाच्या दुर्बिणीत, उलटं दिसतं. ह्याचं चित्र पुस्तकातल्यासारखं सुलटं कसं? ह्याने पुस्तकातून उतरवलंय.” पेठेकर सर हसले आणि त्यांनी माझी बाजू घेतली. वर ‘दृष्टी लागते बाळासाहेब’ असं काहीतरी म्हणाले. गुडलक कॅफेत मी बनमस्का मागवला, तो तू खाल्ला नाहीस. त्यानंतर तू निरीक्षणाला आला नाहीस. स्टूल तेवढं घेऊन गेलास. (ते आपण दोघांच्या पैशांनी घेतलं होतं. मी विसरलेलो नाही.)

तर परवा माळ्यावरून ती वही काढली. तारीख बघितली आणि डोक्यात किडा आला. तीच तारीख, तीच वेळ, म्हणजे आभाळ फिरून त्याच जागी आलेलं असणार. शिवाय यंदाही अमावस्येला एकच दिवस राहिलेला. 27 मार्चच्या रात्री सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली घेतली, पावणेदोनच्या आसपास चाळीस मिनिटं दुर्बीण एम-51वर लावून ठेवली आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसलो. भुजा आल्या, बाळ्या. वारज्यातून! फिकट, जरा दाणेदार, पण दोन्ही, आणि टोकाला जोडीदार दीर्घिका. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश लॉन्सच्या दिव्यांवरून येऊन माझ्या मोबाइलमध्ये उतरला.

ह्या दुर्बिणीच्या चित्रात वर म्हणजे आभाळातलंही वर. (दिवसा शेजारच्या टाकीवर रोखून खात्री करून घेतली. तू विचारशीलच.) आणि चित्रात जोडीदार खाली होता. मी वही उलटी धरली, सुलटी धरली, मग पेन्सिल घेऊन बसलो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, एम-51ची क्रांती (आभाळातला अक्षांशच म्हण) उत्तरेला सत्तेचाळीस. ती आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जाते. उत्तरेकडे तोंड करून बघणाऱ्याला ध्रुव खाली, म्हणजे आभाळातली उत्तर दिशा खाली. जोडीदार उत्तरेच्या अंगाला, म्हणून तोही खाली. पुस्तकात उत्तर वर छापतात, म्हणून तिथे तो वर. आता आपली दुर्बीण घे. आयपीस नळीच्या वरच्या अंगाला, स्टुलावर चढून सरळ वाकायचं, म्हणजे तिरकं दिसण्याचाही प्रश्न नाही. ती खालचं वर दाखवणार. म्हणजे त्या रात्री आयपीसमध्ये जोडीदार वरच दिसत होता. पुस्तकातल्यासारखा!

तुझा पुरावा चुकला होता, बाळ्या. 27 वर्षं तुला वाटतंय की तू मला मुद्द्यावर पकडलं होतंस. नव्हतं पकडलंस.

पण आरोप खरा होता.

ठिपके मी पाहिले. दोन, एक मोठा, एक लहान, लहान वर. त्यांची शपथ घेतो. भुजा मी दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी, पुस्तक शेजारी ठेवून काढल्या. तुझा दुसरा मुद्दा मला तेव्हाही कापत गेला होता. तू म्हणाला होतास, भुजा दिसायला 1845 साली आयर्लंडात लॉर्ड रॉसला बहात्तर इंची आरसा लागला, ह्याला सहा इंचांत कशा दिसल्या? त्यावर मी आयर्लंडच्या ढगाळ हवेवरून विनोद केला आणि लोक हसले. तू हसला नाहीस.

खरी गोची पुढे आहे. कबुली देऊन मोकळं व्हायचं तर डोळे मिटून ती रात्र आठवायला हवी. मी आठवतो तेव्हा मला भुजा दिसतात! स्टूल, दव, मामाच्या विहिरीचा वास, आणि आयपीसमध्ये वळलेल्या दोन भुजा. किती वेळा सांगितलं असेल मी ते. ईशाला, ऑफिसात, लग्नाआधी हिलासुद्धा. सांगून सांगून दिसायलाच लागलं. आता त्यावर हा मोबाइलचा फोटो येऊन बसलाय. खाली पुस्तक, वर 27 वर्षांच्या थापा, त्यावर फोटो. ते दोन साधे ठिपके कुठे गेले ते मलाच सापडेनात. त्यांच्यासाठी आपण चार महिने ड्रमभोवती फिरत काच घासली होती. काच घासायच्या ऐंशी नंबरच्या कार्बोरंडम पुडीने बोटांची सालं गेली. डांबर उकळताना तुझ्या आईचं पातेलं वाया घालवलं आणि चिंट्यावर ढकललं. ब्लेड आणि दिवा घेऊन तू रात्रभर आरशाची सावली तपासत बसायचास, आणि मी ‘झालं की आता’ म्हणत राहायचो. आरसा चांगला झाला तो तुझ्यामुळे. चित्रावर नाव माझं.

मग वाटतं, हे मी ह्या डब्यामुळे उगाच उकरून काढलं. नसता घेतला तर तू चुकीच्या कारणाने बरोबर राहिला असतास आणि मी चुकीच्या कारणाने सुटलेला. दोघांचंही बरं चाललं होतं. पेठेकर सर असते तर त्यांना जाऊन सांगितलं असतं. की नसतं सांगितलं? माहीत नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, “एवढंच ना? मला वाटलं काय पैसे-बिसे.” म्हणून तुला लिहितोय. तुला तरी हे ‘एवढंच’ वाटणार नाही. आणि वाटलं तर मला कळवू नकोस.

तुझं विचारायचं राहिलंच. ऋचाची बारावी कशी गेली? फिजिक्स अवघड होतं असं इकडे सगळे म्हणत होते. बदलीचं काय झालं, कोल्हापूरच राहिलं का? मंदीला म्हणावं, तिखट संपलंय. तुझ्या पाठीचं काही कळवलं नाहीस, म्हणजे दुखतच असणार.

आरसा माझ्याकडे आहे, आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. एका कडेचा मुलामा काळवंडलाय, पण मधलं अजून धडधाकट आहे. नळीला वाळवी लागली होती, पीव्हीसीचा पाइप आणलाय. 27 एप्रिलला रविवारी अमावस्या आहे आणि तेव्हा एम-51 मध्यरात्रीच्या आधीच वर आलेली असते, म्हाताऱ्यांना झेपेल अशा वेळी. मामाच्या शेतावर आता कुणाचं फार्महाऊस झालंय म्हणे, पण वेल्ह्याच्या बाजूला एक जागा बघून ठेवली आहे. डबा घरीच ठेवीन. आधी तू बघायचं आणि काय दिसतं ते बोलायचं नाही. मग मी बघीन. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर काढायचं आणि तिथेच, टॉर्चच्या उजेडात, अदलाबदल करायची. खोडरबर कुणी आणायचा नाही.

स्टूल तुझ्याकडेच आहे ना? घेऊन ये.

तुझा,
सुध्या