उन्हाळी मानवशास्त्र अभ्यासक्रम : यजमानांना कोणी विचारले आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील विद्यापीठांच्या उन्हाळी अभ्यासक्रमांविषयी वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पानांवर नेहमी माहिती येत असते. त्यांतील मानवशास्त्र आणि आदिवासी वारसा या विषयाचे चार-सहा आठवड्यांचे अभ्यासक्रम अलीकडे विद्यार्थ्यांना विशेष आकर्षित करतात. त्यांच्याबद्दल लिहिताना शुल्क, श्रेयांक, व्हिसा, निवास यांचा तपशील दिला जातो. मात्र ज्यांच्या गावात आणि ज्यांच्या पूर्वजांच्या वस्तूंसमोर हे शिक्षण घडायचे आहे, त्या समाजाने या विद्यार्थ्यांना बोलावले आहे का, याची चौकशी क्वचितच होते. माझ्या मते अभ्यासक्रम निवडताना पहिली चौकशी हीच करायला हवी.

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांत मिळून सुमारे दोन वर्षे पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिएंड बेटांवर राहिले आणि तिथली भाषा शिकले. दीर्घ मुक्काम हा तेव्हापासून या शास्त्राचा कणा मानला गेला. महिनाभरात एखाद्या समाजाचा अभ्यास होत नाही, आणि तसे आश्वासन देणारे माहितीपत्रक बाजूला ठेवलेलेच बरे. मात्र तेवढ्या अवधीत दुसरे काही चांगले शिकता येते : परवानगी कशी मागावी, नकार कसा स्वीकारावा, आणि संग्रहालयातील एखादी वस्तू तिथे नेमकी कोणत्या मार्गाने पोहोचली याचा माग कसा काढावा.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील निस्गा लोकांच्या एका स्मृतिस्तंभाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सुमारे अकरा मीटर उंचीचा हा कोरीव लाकडी स्तंभ १८६०च्या दशकात एका योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारला गेला होता. १९२९ मध्ये शिकार, मासेमारी आणि अन्नसंकलनाच्या हंगामासाठी गावकरी बाहेर गेलेले असताना मारियस बार्बो या मानवशास्त्रज्ञाने तो संमतीवाचून हलवला आणि स्कॉटलंडमधील संग्रहालयाला विकला. पुढची नव्वदहून अधिक वर्षे तो एडिनबरा येथे होता. वंशजांच्या मागणीनंतर संग्रहालयाने तो परत देण्याचे ठरवले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो विमानाने नास नदीच्या खोऱ्यात, निस्गांच्या स्वतःच्या संग्रहालयात आणण्यात आला. स्तंभ नेणारा मनुष्य लुटारू टोळीतला नव्हता, आपल्याच विषयातला नावाजलेला अभ्यासक होता, हे विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. शिवाय विद्यापीठांना जो सुटीचा काळ वाटतो, तो अनेक समाजांसाठी वर्षभराची बेगमी करण्याचा काळ असतो. पाहुण्यांचे वेळापत्रक यजमानांच्या कामाच्या दिवसांशी जुळते का, हे आयोजकांनी पाहिले आहे की नाही, एवढ्या साध्या चौकशीतूनही त्यांचा दृष्टिकोन बराच कळून येतो.

दुसरा मुद्दा नोंदींचा. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन परिसरातील हावासुपाई लोकांनी १९९० नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्ताचे नमुने दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांचे स्थलांतर अशा विषयांचेही संशोधन झाले, ज्याची त्यांना कल्पना नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन व उरलेले नमुने परत करून तडजोड केली. विद्यार्थी कोणाचे रक्त घेत नाहीत, हे खरे. पण मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, विधींची छायाचित्रे आणि वंशावळी ते गोळा करतात. वर्गातील सराव म्हणून केलेल्या कामाची गणना बऱ्याचदा औपचारिक संशोधनात होत नाही, त्यामुळे ते विद्यापीठाच्या नीतिसमितीपुढे जातच नाही. साहजिकच या नोंदी कोणाकडे राहतील, समाजाला त्यांची प्रत मिळेल का, आणि पवित्र मानल्या जाणाऱ्या गोष्टींचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकण्यास मनाई आहे का, हे सारे त्या एका प्राध्यापकाच्या सद्सद्विवेकावर अवलंबून राहते. मला ही पळवाट धोकादायक वाटते.

याबाबतचे दंडक नाहीत, असे मात्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधात मत देणारे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे चारही देश आज अशा अभ्यासक्रमांची लोकप्रिय ठिकाणे आहेत (चौघांनीही पुढे आपली भूमिका बदलली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब). दक्षिण आफ्रिकेतील सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, संग्रहालयांना आदिवासींचे मानवी अवशेष वा सांस्कृतिक वस्तू प्रदर्शित करण्यापूर्वी किंवा त्यांवर संशोधन होऊ देण्यापूर्वी संबंधितांची संमती घ्यावी लागते. त्यानंतर न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने आपली दोन दालनेच बंद केली.

इतक्या अटी घातल्या तर असे अभ्यासक्रम चालणारच नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. काही बंद पडतील, आणि ते पडावेत. ज्या कार्यक्रमांत स्थानिक जाणकार मानधन घेऊन शिकवतात, पाठ्यक्रम ठरवण्यात त्यांचा हात असतो आणि अमुक गोष्ट दाखवणार नाही असे म्हणण्याची त्यांना मुभा असते, तिथे विद्यार्थ्याला कमी पाहायला मिळेल, पण जे मिळेल ते खात्रीचे असेल.

आपल्या वृत्तपत्रात अशा अभ्यासक्रमांची माहिती देताना शुल्काच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी आवर्जून छापाव्यात, अशी विनंती आहे : यजमान समाजाशी लेखी करार झाला आहे का, शुल्कातील किती वाटा त्या समाजाकडे जातो, आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदींवर मालकी कोणाची. आयोजकांनी उत्तर देण्याचे टाळले, तर तेही छापावे.

आपली विश्वासू,
मानवशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका