काउंटरवर आधी स्टूल द्या

महोदय,

मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत ग्राहकाने स्वतःच बारकोड दाखवून पैसे भरायची यंत्रे आली आहेत. ती बेळगावातही यावीत म्हणजे रांगेची कटकट मिटेल, असे बरेच जण म्हणतात. मिटेलच असे नाही. ब्रिटनमधल्या ‘बूथ्स’ या सुपरमार्केटने २०२३ मध्ये बहुतेक दुकानांतली अशी यंत्रे काढून पुन्हा माणसे बसवायचे ठरवले. यंत्रे संथ आणि बेभरवशाची आहेत, ही तक्रार ग्राहकांचीच होती.

मला मात्र रांगेपेक्षा आपल्या वागण्याची चीड येते. टिळकवाडीतल्या एका दुकानात परवा एका गृहस्थांनी वजनाची चिठ्ठी न लावताच वांग्यांची पिशवी काउंटरवर आपटली आणि वर बिल करणाऱ्या मुलीलाच झापले. फोन कानाला होताच! येळ्ळूर, कडोलीहून बसने येणाऱ्या या मुली एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी हिंदीत बोलतात, तेही तासन्‌तास उभ्याने. कॅरीबॅगचे पैसे घ्यायचे ठरवतो मालक, बोलणी खातात त्या.

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. आपल्या दुकानदारांनी कुणी सांगायची वाट न बघता काउंटरमागे स्टूल ठेवावे. यंत्र आणायचेच तर दूध-बिस्किटे घेऊन पळणाऱ्यांसाठी एखादे आणा, पण त्यापायी कुणाची नोकरी घालवू नका.

– एक ग्राहक, शहापूर, बेळगाव