दहापैकी किती?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे आई पुढचं नीट वाचेल. फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण फोनवर आई विचारते, "दुखतंय का गं?" आणि माझ्या तोंडून "नाही" कधी निघून जातं, मलाच कळत नाही. मग आपण दादाच्या गाडीबद्दल बोलायला लागतो. कागदावर तसं होत नाही.

ताईकडून तुम्हाला कळलंच आहे. तिच्यावर रागावू नका, तिला मीच शपथ घातली होती. पित्ताची पिशवी काढायच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले आणि उजव्या बरगडीखाली अजून दुखतं. रोज नाही. कधी आठ दिवस काहीच नसतं, कधी सलग तीन दिवस असतं. कामावर जाते, जेवते, झोपते. बाकी दिनक्रम तुम्हाला पाठ आहे, तो लिहीत नाही.

आई, तुझे प्रश्न एकेक करून घेते. खडे पुन्हा झालेले नाहीत. पिशवीच काढली म्हटल्यावर पिशवीत होणार कसे? पित्ताच्या नळीत राहू शकतात किंवा नवे होऊ शकतात, म्हणून रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, मग त्या नळीचा वेगळा एमआरआय केला. नळी फुगलेली नाही, आत काही अडकलेलं नाही. एंडोस्कोपीही झाली, जठर ठीक आहे. "पित्ताची पिशवी गेली, मग पित्त कसं होतं" हा मावशीचा प्रश्न. तिला सांग, आपण आंबट ढेकर आली की "पित्त झालं" म्हणतो ते वेगळं. हे पित्त यकृतात तयार होतं आणि होतच राहतं. पिशवी ते फक्त साठवून घट्ट करायची. आता ते साठत नाही, थेट आतड्यात उतरतं. त्यामुळे कधी कधी पोट बिघडतं, तेलकट एकदम जास्त झालं तर हमखास. बस, एवढंच. बाबा, असा अवयव काढून माणूस धड राहतो का, असं तुम्ही दादाला विचारलंत म्हणे. १८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख नावाच्या सर्जननं पहिल्यांदा पित्ताशय काढलं, तेव्हापासून माणसं पित्ताशयाशिवाय जगताहेत. ऑपरेशन घाईत केलं असंही नाही. खडे होते, झटके येत होते, ते झटके गेले. आत्ताचं दुखणं वेगळं आहे. तिकडे येऊन केलं असतं तर हे झालं नसतं, असं कृपा करून म्हणू नका. हे कुठेही होतं. काही जणांचं राहतंच.

आता इथली एक गंमत सांगते. इथे कुणी "कसं दुखतंय" असं विचारत नाही. "दहापैकी किती?" विचारतात. दारात नाव लिहून घेणारी विचारते, रक्त घेणारा विचारतो, डॉक्टर विचारतात, जाताना पुन्हा कुणीतरी विचारतं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं. भिंतीवर तक्ता असतो, त्यावर गोल चेहरे. पहिला हसरा, मग एकेक तोंड उतरत जातं आणि शेवटचा रडतो. बाबा, तुम्ही जन्मभर पेपर तपासलेत, तुम्हीच सांगा, हे गुण द्यायचे कसे? पहिल्यांदा मी "तीन" म्हटलं, कारण आपल्याकडे विचारलं की "होतं सहन" म्हणायचं असतं. त्यांनी तीन लिहिलं आणि साधी गोळी देऊन घरी पाठवलं. पुढच्या वेळी रागानं "नऊ" म्हटलं. समोरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एकटी बस धरून आले होते, हातात छत्री होती, नीट बोलत होते. नऊवाला माणूस असा नसतो, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनीही लिहिलं नऊच, पण पेन जरा थांबलं. त्या रात्री मला खरंच वाटलं की हे सगळं माझ्या मनाचे खेळ असतील.

नंतर एका नर्सनं समजावलं. हा आकडा माझा माझ्याशीच ताडायचा असतो, शेजारच्या खाटेवरच्याशी नाही. परवा पाच होतं आणि आज तीन, तर औषध लागू पडतंय. तेव्हापासून वहीत रोज लिहिते: आकडा, वेळ, काय खाल्लं, किती वेळ टिकलं, वाकल्यावर वाढलं का. तुम्ही घरखर्चाची वही लिहिता, तशी. दुखण्याची असली वही ठेवावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं, पण तिचा उपयोग झाला. ती चाळून नव्या डॉक्टरांनी सांगितलं, "ही दोन दुखणी आहेत."

एक बोटानं दाखवता येतं. ऑपरेशनच्या वेळी नळ्या घालायला पोटाला छिद्रं पाडतात ना, त्यातल्या एका वणाशेजारी. डॉक्टरांनी तिथे बोट दाबून धरलं आणि उताणं झोपल्या झोपल्या डोकं-खांदे वर उचलायला सांगितलं. मी ओरडलेच. आतल्या अवयवाचं दुखणं असतं तर पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर ते झाकलं जाऊन कमी झालं असतं. वाढलं, म्हणजे दुखणं पोटाच्या भिंतीतलं. तिथली एक नस डिवचली गेली आहे. कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननं १९२६ साली लिहून ठेवलेली तपासणी ही, दोन मिनिटांची. माझ्या आधीच्या सगळ्या महागड्या यंत्रांना जे दिसलं नाही ते एका बोटाला सापडलं. बधिर करायचं इंजेक्शन तिथे दिलं आणि पाच मिनिटांत दुखणं गेलं. दुसऱ्या दिवशी परत आलं, पण पाचाचं तीन होऊन. मी टेबलावरच रडले. नर्सनं घाबरून विचारलं, किती? मी म्हटलं, शून्य.

दुसरं दुखणं आत खोल, पाठीकडे जाणारं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, अर्धा-पाऊण तास. पित्ताची नळी आतड्याला मिळते तिथे एक झडप असते, ती आवळून बसत असावी असा अंदाज आहे. काकांनी ती झडप दुर्बिणीतून कापून घ्यायला सांगितलंय. मीही डॉक्टरांच्या मागे लागले होते, कारण कापलं की संपलं असं मलाही वाटत होतं. त्यांनी सांगितलं की २०१४ साली अमेरिकेतल्या अशाच २१४ जणांवरचा अभ्यास छापून आला. पित्ताशय काढलेलं, पोटात दुखतंय, तपासण्यांत विशेष काही नाही, असे सगळे. काहींची झडप कापली, काहींची कापल्याचं नाटक केलं. कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना बरं वाटलं आणि न कापलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. शिवाय त्या दुर्बिणीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तेव्हा नाही. काकांना हे सगळं सांगू नका, "विचारलं होतं" एवढंच सांगा. कोडीन असलेली दुखणं थांबवायची गोळी मात्र मी घेत नाही, तिनं ती झडप उलट जास्त आवळते. कावीळ, थंडी वाजून ताप, गडद लघवी यांतलं काही झालं तर थेट दवाखाना गाठायचा, हे भिंतीवर लिहून लावलंय. अजून एकदाही वेळ आलेली नाही.

आई, एक कबूल करते. दिवाळीत मी फोनचा कॅमेरा बंद ठेवला होता, ते नेट गेलं म्हणून नव्हे. आणि पाडव्याला मी तुला हसून बोलत होते तेव्हा मांडीवर गरम पाण्याची पिशवी होती. तू म्हणालीस, "चेहरा छान दिसतोय," आणि मला दोन दिवस कसंतरी झालं.

पैशांचं. या महिन्यात निम्मेच येतील. रजा संपल्यामुळे सहा दिवसांचा पगार कापला गेला. दादानं हप्ता चुकवू नये, कमी पडलं तर माझ्या त्या मुदत ठेवीतून घ्या, कागद बाबांच्या कपाटात आहेत. पुढच्या महिन्यापासून नेहमीसारखं. नक्की.

आणि ते स्थळ. मुलगा मला आवडला, हे ताईनं सांगितलं असेलच. पण ऑपरेशनचं त्यांना आत्ता सांगू नये, लग्नानंतर बघू, हे मला जमणार नाही. चार वण आहेत, ते काय झाकून ठेवू? मी त्याला गेल्या रविवारी सगळं सांगितलं, वहीसकट. तुम्हाला न विचारता सांगितलं, चुकलंच. त्यानं अजून हो-नाही काही कळवलेलं नाही. त्याच्या आईचा फोन आला तर तू आधी स्वतःहून काही बोलू नकोस आणि माझी बाजू घेऊन भांडूही नकोस.

साखरपुड्याची तारीख धरायची की नाही ते त्यावर ठरेल. दुसरं इंजेक्शन पुढच्या मंगळवारी आहे, त्यानंतर तिकिटाचं बघते. मागच्या वर्षीही असंच लिहिलं होतं, आठवतंय मला.

रविवारी कॅमेरा चालू ठेवीन. मी कदाचित आडवी असेन, तसं बरं वाटतं, घाबरू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. आजीला पत्र वाचून दाखवताना इंजेक्शनचा भाग गाळा. तिला सांगा, नात ठणठणीत आहे.