ध्वनिमुद्रण शिकायला महागडी साधने कशाला?

महोदय,

ध्वनिमुद्रण शिकवणारे काही खासगी वर्ग विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच महागडे प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायची जादा साधने) विकत घ्यायला लावतात, हे मला अनुचित वाटते. ‘रीपर’ या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील अंगभूत इक्वलायझरवर (आवाजातील खालच्या-वरच्या कंपनसंख्या कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) आवाजाचा आलेख समोर दिसत असल्याने, गायकाच्या आवाजाखालची ८० हर्ट्झखालील घरघर कापली की गाणे किती मोकळे होते, हे तत्काळ उमगते. त्यातल्याच कॉम्प्रेसरचे (मोठे आवाज दाबणाऱ्या साधनाचे) गुणोत्तर, म्हणजे दाबण्याचे प्रमाण, ४:१ ठेवून केवळ अटॅकची वेळ, म्हणजे दाब लागू व्हायला लागणारा अवधी, १ मिलिसेकंदावरून ३० वर नेली, तर तबल्याची बोथट झालेली थाप पुन्हा कशी उठून येते, हे ऐकण्यात अख्खी संध्याकाळ सार्थकी लागते. (विकतच्या प्लगइनमधील रंगीबेरंगी बटणांचा मोह मलाही होतो, हा भाग वेगळा.) ‘ऑडॅसिटी’ हे असेच दुसरे सॉफ्टवेअर तर पूर्णतः मोफत आहे. वर्गचालकांनी निदान पहिल्या सत्रात तरी बाहेरचे प्लगइन वर्ज्य करावेत.

– एक ध्वनिमुद्रक, कोल्हापूर