‘बाबांच्या’ शेंगा आणि आमचं पनीर

महोदय,

जपानच्या सहलींच्या जाहिराती हल्ली आपल्या दैनिकात वरचेवर दिसतात. टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका आणि खाली ठळक अक्षरांत ‘शुद्ध शाकाहारी भारतीय जेवण’. म्हणजे एवढं विमानभाडं भरून जायचं आणि तिथे छोले खायचे!

गेल्या श्रावणात मी आणि सौ. टोकियोला मुलीकडे गेलो होतो. ‘आम्हांला गावाकडे ने’ म्हटल्यावर तिने यामागाता प्रांतातल्या त्सुरुओकाला नेलं. निईगातापर्यंत शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन, पुढे समुद्राच्या कडेने एक्स्प्रेस, एकूण चारेक तास. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, मधे नुसतं भात. मांडणी अगदी आमच्या कुडाळची.

श्रावण पाळणाऱ्याची जपानात पंचाईत होते, कारण साध्या भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचा अर्क असतो. पण इथल्या हागुरो डोंगराच्या पायथ्याशी यात्रेकरूंसाठी जुनी निवासघरं आहेत आणि तिथे ‘शोजिन’ जेवण मिळतं. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. रानभाज्या, बांबूचे कोंब, अळंबी आणि तिळाचं ‘तोफू’. याला तोफू म्हणायचं इतकंच, सोयाबीन त्यात नसतंच. वाटलेले तीळ आणि एका वेलाच्या मुळाचं सत्त्व, आपल्या तवकिलासारखं. दिसायला खरवस. मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हागुरो चढलो. डोंगर 414 मीटरच, पण दगडी पायऱ्या 2446. दोन्ही बाजूंना जुनी सुरूसारखी उंच झाडं आणि त्यांच्यात उभा पाच मजली लाकडी पॅगोडा, रंगाचा एक हातही न दिलेला. तो बौद्ध, पण ताबा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानाकडे. एकोणिसाव्या शतकात, मेइजी सम्राटाच्या काळात, सरकारने दोन्ही धर्म वेगळे काढले तेव्हाची ही वाटणी. अर्ध्या वाटेवरच्या चहाच्या टपरीत भाताचे चिकट गोळे मिळाले, नाहीतर माझे गुडघे तिथूनच परतले असते.

मी कृषी खात्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे देवळापेक्षा बाजारात जास्त रमलो. त्सुरुओकाला 2014 साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलं, जपानमधलं पहिलंच. त्यामागचं मोठं कारण म्हणजे या परिसरात पिढ्यान् पिढ्या घरचं बी धरून राखलेली पन्नासहून अधिक गावठी वाणं. ‘मिंदेन’ नावाची इवलीशी वांगी, लोणच्याची. ‘दादाचा’ नावाच्या सोयाबीनच्या शेंगा, तांबूस लव असलेल्या, नुसत्या उकडून मीठ लावून खायच्या. ‘दादाचा’ म्हणजे तिथल्या बोलीत बाबा. शेंगा आवडल्या की इथला सरदार विचारायचा म्हणे, ‘आज कुठल्या बाबांच्या?’ म्हणजे शेंगेबरोबर शेतकऱ्याचीही चौकशी.

अत्सुमी भागात एक डोंगरउतार जाळलेला दिसला. सौ. एकदम म्हणाली, ‘अहो, हेंनी राब भाजल्यानी!’ राब म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं; तिचं फारसं चुकलं नव्हतं. झाडं तोडलेल्या उतारावर ऑगस्टमध्ये आग लावतात आणि राख कोमट असतानाच लाल सलगमाचं बी फोकतात. पीक ऑक्टोबरनंतर, त्यामुळे आम्हांला चाखता आलं नाही. पण त्याचं व्हिनेगरमधलं लोणचं खायला लोक लांबून येतात, असं निवासघराच्या मालकीणबाई अभिमानाने सांगत होत्या.

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर होऊन पाव शतक उलटलं. समुद्रातले खेळ आले, रिसॉर्टं आली, ती हवीतच. पण कुळीथ, लाल भात, कणगराचे कंद, परसातलं तवसं (काकडी) यांचं आपण पर्यटकासाठी काय केलं? शेतकऱ्याला त्या बियाण्याचा भाव मिळाला तरच तो ते पुढल्या वर्षी पेरील. पर्यटन विभाग आणि कृषी खात्याने एकत्र बसून निदान प्रत्येक तालुक्यातल्या वाणांची एक यादी करून खाणावळींना द्यावी, एवढीच मागणी आहे. माझ्या नोकरीच्या काळात आम्हीही हे केलं नाही, हे कबूल करतो.

परत आल्यावर महामार्गावरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. पहिल्या पानावर पनीरचे अकरा प्रकार. अळवाचं फतफतं आहे का विचारलं, तर वाढणारा पोरगा हसला. ‘काका, ता घराक करतत. हॉटेलात कोण खातलो?’

– एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक, कुडाळ