रजिस्ट्रेशन तेवढं चालू ठेव

कळवा, ठाणे

चि. प्राजक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, म्हणून लिहितोय. हॉस्पिटलातल्या नर्सच्या नोकरीचा राजीनामा दिलास, त्याबद्दल आता काही बोलणार नाही. फक्त नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेव. पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि तुझं यंदाच आहे.

मेडिकल कोडिंगचं, म्हणजे पेशंटच्या आजार-उपचारांना बिलासाठी कोड द्यायचं नवं काम बसून, रविवारी सुट्टी, म्हणून आई खूश आहे. मावशीला तर 'आयटीत लागली' असंच सांगून टाकलं. घरी राहायला आलीस तर ऑफिसही जवळ, लोकलने ठाण्याहून दिघा, की पुढे ऐरोलीच.

मला राग आहे, पण तुझ्यावर नाही. बेलापूर रोडच्या कंपनीत मीही तिन्ही पाळ्या केल्या. पुढच्या पाळीचा रिलिव्हर आला नाही तर थांबायला लागायचं, पण फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे जादा तासांचे दुप्पट पैसे हातात पडायचे. नाही पडले तर आमचे युनियनवाले पाटील थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये! तुमच्याकडे नाइट संपवून निघालेल्या पोरीला परत वॉर्डात उभं करायचं आणि वर 'अ‍ॅडजस्ट कर' म्हणायचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी. तुझ्याकडे वीस-बावीस असायचे. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून २०१६ साली केंद्राने समिती नेमली. तिने लिहिलंय की छोट्यातल्या छोट्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला २०,००० च्या खाली पगार नको. तुझी पगाराची स्लिप मी पाहिली आहे.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर.

तू गणपतीत म्हणालीस, "बाबा, पेशंटने बेल दाबली की मला त्याचाच राग येतो." ते ऐकून मी गप्प झालो. नाना अंथरुणाला खिळले तेव्हा तू ट्रेनिंगला होतीस. सुट्टीत आलीस की रात्री गजर लावून त्यांची कूस बदलायचीस, आणि आम्हा सगळ्यांना ते शिकवून गेलीस. शेवटपर्यंत पाठीवर एक जखम नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी कोण बघतं? मी तुझं नाव सांगितलं, जरा मोठ्यानेच. आणि कोरोनात ज्यांनी थाळ्या बडवल्या, त्यांनीच पुढे तुला लिफ्ट वापरू नकोस म्हणून सांगितलं. आई त्यांच्याशी अजून बोलत नाही.

म्हणून म्हणतो, रजिस्ट्रेशन. कोडिंग जमणार नाही असं नाही गं, जमेल. पण उद्या सरकारी भरती निघाली तर? नसेल जायचं तर नको जाऊस, कागद तरी असू दे. फी मी भरतो.

एक्स्पिरियन्स लेटर हातात पडल्याशिवाय तिथून निघू नकोस. 'मेल करतो' म्हणतील. सही-शिक्क्याचं घे, आणि जमा केलेली मूळ सर्टिफिकेटं मोजून घे. आईने कुळथाचं पीठ दिलंय, रूमवरच्या मुलींनाही दे.

तुझा,
बाबा